सेफ्टी ऑफिसरची पात्रता आणि नेमणूक : गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेर्णा, कुंडई, कुंकळ्ळी, पिसुर्ले इथल्या कारखान्यांतून, वास्कोच्या यार्डांतून आणि आखातातून परतलेल्या तरुणांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोर्सची फी भरण्यापूर्वी निदान १, ४ आणि ७ हे तीन प्रश्न वाचा. त्या क्रमाने न गेल्यामुळे दरवर्षी कित्येकांचं वर्ष आणि पैसे दोन्ही वाया जातात.

१. सेफ्टी ऑफिसरचं लायसन्स कुठून काढायचं?

असं लायसन्स नसतं. डॉक्टरांची किंवा वकिलांची जशी परिषद असते आणि तिच्यात नाव नोंदवावं लागतं, तशी सेफ्टी ऑफिसरांची नोंदवही आपल्याकडे नाही. कायदा पदाची पात्रता ठरवतो आणि कारखान्याचा ऑक्युपायर, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडे आहे तो, त्या पात्रतेच्या माणसाची नेमणूक करतो. ती नेमणूक नियमात बसते की नाही हे पणजीतल्या आल्तिनोवरचं कारखाने आणि बॉयलर निरीक्षणालय पाहतं. बोलताना सगळे त्याला ‘इन्स्पेक्टोरेट’ म्हणतात, म्हणून पुढेही तोच शब्द वापरला आहे.

तेव्हा ‘सरकारमान्य सेफ्टी ऑफिसर सर्टिफिकेट, पंधरा दिवसांत’ अशी जाहिरात दिसली तर तिच्या मागे जाऊ नका. पंधरा दिवसांत मिळणारा कुठलाही कागद तुम्हाला कायद्याने सेफ्टी ऑफिसर करत नाही.

२. आता कोणता कायदा धरायचा, १९४८ चा कारखाने अधिनियम की नवा कोड?

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कारखाने अधिनियम, खाण अधिनियम, बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा आणि गोदी कामगारांचा १९८६ चा कायदा हे सगळे तिच्यात आले. जुन्या कायद्यांखालचे नियम मात्र संहितेशी विसंगत नसतील तेवढ्यापुरते संक्रमणकाळात चालू राहतात.

याचा व्यवहारातला अर्थ नीट लक्षात घ्या. किती कामगारांना सेफ्टी ऑफिसर लागतो हा आकडा संहितेच्या कलम २२ मध्येच आहे, त्यामुळे तो संहितेचा धरायचा. त्या माणसाचं शिक्षण आणि अनुभव काय असावा हे कलम नियमांवर सोपवतं. म्हणून राज्याचे नवे नियम अमलात येईपर्यंत पात्रतेसाठी जुने नियम पाहायचे. नेमणूकपत्र काढण्याआधी गोवा सरकारचं राजपत्र एकदा चाळा. हे काम दहा मिनिटांचं आहे, पण बहुतेकांकडून तेच राहून जातं.

३. आमच्याकडे किती कामगार असले की सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो?

संहितेप्रमाणे साध्या कारखान्यात ५०० कामगार, धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात २५०, बांधकामावर २५० आणि खाणीत १००. जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४०ब मध्ये हा आकडा १००० होता. शिवाय धोक्याची प्रक्रिया असेल तर कमी कामगार असले तरी राज्य सरकार अधिसूचना काढून नेमणूक मागू शकत होतं.

गोव्यात सगळ्यात जास्त फरक पडतो तो औषध कारखान्यांना. कारखाने अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत औषध उद्योगाचं नाव आहे आणि संहितेलाही धोकादायक प्रक्रियांची स्वतःची अनुसूची आहे. ‘आमच्याकडे फक्त गोळ्या दाबतात, धोका कसला?’ असं म्हणून २५० चा आकडा टाळू नका. सॉल्व्हंट, बारीक पावडर आणि औषधातला मूळ घटक हाताळला जातो, तिथे प्रक्रिया धोकादायक नाही हे दाखवण्याचा भार तुमच्यावर येतो.

मोजणीत कोणाकोणाला धरायचं हे प्रश्न ११ मध्ये आहे.

४. पात्रता नेमकी काय?

केंद्राने दिलेल्या आदर्श नियमांची चौकट राज्यांनी थोड्याफार फरकाने उचलली आहे. राज्याच्या नियमातला शब्द अंतिम, पण चौकट अशी. तीन गोष्टी एकाच वेळी हव्यात :

शिक्षण आणि अनुभव – इंजिनिअरिंग किंवा टेक्नॉलॉजीची मान्यताप्राप्त पदवी आणि कारखान्यात पर्यवेक्षकीय कामाचा किमान २ वर्षांचा अनुभव. किंवा फिजिक्स अथवा केमिस्ट्रीची पदवी आणि तसाच ५ वर्षांचा अनुभव. किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा आणि ५ वर्षांचा अनुभव.

औद्योगिक सुरक्षेची पदवी किंवा डिप्लोमा, जो राज्य सरकारला मान्य आहे.

त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांच्या भाषेचं पुरेसं ज्ञान.

आणखी एक वाट आहे. कारखाने अधिनियम राबवणाऱ्या सरकारी खात्यात ५ वर्षं काम केलेले, किंवा अपघात प्रतिबंधाच्या प्रशिक्षण, सल्ला वा संशोधनात ५ वर्षं पूर्णवेळ असलेले इंजिनिअर त्याच चौकटीत पात्र धरले जातात. एखाद्याला सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला असतो, पण ती सूट लेखी आणि अटींसह मिळते. कोणी फोनवर ‘चालेल’ म्हटलं म्हणजे सूट मिळाली असं होत नाही.

५. मी मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. आहे. फार्मात सहा वर्षं झाली. एडीआयएस (औद्योगिक सुरक्षेचा प्रगत डिप्लोमा) करू का?

आधी थांबा. नियमात विज्ञानाचे दोनच विषय आहेत, फिजिक्स आणि केमिस्ट्री. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, झूलॉजी त्यात बसत नाहीत. सुरक्षा डिप्लोमा केल्याने मूळ पदवीतली ही उणीव भरून निघत नाही. गोव्यात औषध कंपन्या भरपूर असल्यामुळे इथे सगळ्यात जास्त लोक याच जागी अडकतात आणि मनापासून वाईट वाटतं, कारण काम त्यांना येत असतं.

बी.फार्म.वाल्यांनीही ‘टेक्नॉलॉजी’ या शब्दावर विसंबून फी भरू नये. पदवीचं प्रमाणपत्र जोडून इन्स्पेक्टोरेटला लेखी विचारा आणि उत्तर हातात आल्यावरच प्रवेश घ्या. केमिस्ट्रीवाल्यांच्या बाबतीत तो मुख्य विषय होता हे अंतिम वर्षाच्या गुणपत्रिकेवर दिसायला हवं.

पद मिळालं नाही तरी दारं बंद होत नाहीत. सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, प्रशिक्षक, ईएचएस (पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा) विभागातली पदं ही कंपनीची स्वतःची पदं आहेत, त्यांना ही पात्रता लागत नाही. कायद्याने सांगितलेला सेफ्टी ऑफिसर म्हणून तुमचं नाव देता येणार नाही, एवढंच.

६. ‘पर्यवेक्षकीय अनुभव’ म्हणजे काय? अनुभवपत्रात काय लिहून घ्यावं?

तुमच्या हाताखाली माणसं होती आणि त्यांच्या कामाची जबाबदारी तुमच्यावर होती, असा अनुभव. ऑपरेटर, टेक्निशियन, प्रयोगशाळेत एकटा बसून नमुने तपासणारा केमिस्ट हा अनुभव किती का वर्षांचा असेना, त्यात पर्यवेक्षण दिसत नाही. शिवाय अनुभव कारखान्यातला हवा. विक्री, कॉलेजात शिकवणं, डिझाइन ऑफिस हे धरत नाहीत.

‘अमुक यांनी आमच्याकडे काम केले, त्यांची वर्तणूक चांगली होती’ या पत्राचा काही उपयोग नाही. पत्रात कारखान्याचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक, प्रत्येक पदाच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख, विभाग, हाताखालच्या माणसांची संख्या आणि शिफ्टची जबाबदारी हे सगळं हवं. कंपनी सोडतानाच हे मागून घ्या. पाच वर्षांनी जुना मॅनेजर शोधत हिंडणं अवघड जातं, आणि कंपनी बंद पडली असेल तर जवळजवळ अशक्य होतं. तसं झालंच तर नेमणूकपत्र, बढतीपत्रं, पगाराच्या पावत्या आणि भविष्य निर्वाह निधीचा तपशील एकत्र लावून अनुभव मांडावा लागतो.

७. कोणता डिप्लोमा चालतो?

मुंबईत शीवला असलेली सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट एडीआयएस, म्हणजे औद्योगिक सुरक्षेचा प्रगत डिप्लोमा, शिकवते. हा एक वर्षाचा पूर्णवेळ कोर्स आहे. केंद्र सरकारच्या डीजीफासली या संस्थेखाली चेन्नई, कोलकाता, कानपूर आणि फरीदाबाद इथेही प्रादेशिक संस्था आहेत. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या मान्यतेने काही संस्था एडीआयएस चालवतात आणि गोव्यातली बरीच मुलं तिकडे जातात.

कोर्स निवडताना कुठे चुकतं ते सांगतो. ‘फायर अँड सेफ्टी’ असं नाव असलेला डिप्लोमा म्हणजे औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा नव्हे, त्यात बहुतेक भर अग्निशमनावर असतो. बारावीनंतर प्रवेश देणारा ‘सेफ्टी डिप्लोमा’ मूळ पदवीची जागा घेत नाही. घरबसल्या होणाऱ्या कोर्सच्या मान्यतेबद्दल संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका, राज्य सरकारने तो मान्य केल्याचा कागद मागा. संस्था जो कागद दाखवते तो बहुतेक वेळा कंपनी नोंदणीचा, सोसायटी नोंदणीचा किंवा आयएसओचा असतो. त्याचा पात्रतेशी संबंध नाही.

मूळ इंजिनिअरिंगची पदवीच दूरस्थ पद्धतीने घेतली असेल तर आणखी सावध राहा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेशिवाय अभिमत विद्यापीठांनी दिलेल्या अशा पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कडक निकाल दिला आहे.

८. नेबॉश झालंय, आयओश आहे, ओशा ३० तासांचं कार्डही आहे. गोव्यात चालेल ना?

कायद्याने सांगितलेल्या पदासाठी, एवढ्यावर नाही. नेबॉश आणि आयओश ब्रिटनमधल्या संस्था आहेत. आखातातल्या तेल आणि बांधकाम कंपन्या त्यांची प्रमाणपत्रं मागतात आणि तिथे जायचं असेल तर ती घ्यावीतच. नेबॉशचा अभ्यास चांगला आहे. धोका ओळखून त्याची पातळी ठरवायला तो खरंच शिकवतो. पण आपल्या नियमात ‘राज्य सरकारला मान्य असलेला डिप्लोमा’ हे शब्द आहेत आणि नेबॉश त्याला पर्याय नाही. ओशा ही अमेरिकेची कामगार-सुरक्षा यंत्रणा, तिचं कार्ड तर फक्त प्रशिक्षणाला बसल्याची नोंद आहे. अमेरिकेतही त्याला व्यावसायिक प्रमाणपत्र समजत नाहीत.

आखातातला पर्यवेक्षणाचा अनुभव धरतील का, असंही विचारतात. तो कारखान्यातला असेल आणि प्रश्न ६ प्रमाणे कागद असतील तर मांडून पाहा. बांधकामाच्या साइटवरचा असेल तर तो बांधकामाच्या पदासाठी उपयोगी पडेल (प्रश्न १३).

९. आमचा सेफ्टी ऑफिसरच क्रेन आणि प्रेशर व्हेसल तपासून सही करतो. बरोबर आहे का?

त्याच्याकडे सक्षम व्यक्ती म्हणून वेगळी मान्यता नसेल तर चूक आहे. सक्षम व्यक्ती, म्हणजे आपण ज्याला ‘कॉम्पिटंट पर्सन’ म्हणतो, त्याला मुख्य निरीक्षक मान्यता देतात. ती ठरावीक कामापुरती आणि ठरावीक मुदतीची असते. त्या माणसाचं शिक्षण, अनुभव आणि त्याच्याकडची तपासणीची साधनं पाहून ती मिळते. क्रेनची मान्यता असलेल्याने प्रेशर व्हेसलवर सही केली तर ती सही निरुपयोगी.

जुन्या कारखाने अधिनियमाप्रमाणे माणसांची आणि मालाची लिफ्ट ६ महिन्यांतून एकदा आणि क्रेन, साखळी, दोर, स्लिंग १२ महिन्यांतून एकदा तपासायची असे. दाखल्याची तारीख आणि तपासणाऱ्याच्या मान्यतेची मुदत या दोन्ही जुळवून पाहा. मुदत संपल्यानंतरची सही असलेले दाखले फाइलीत सापडतात आणि अपघातानंतर तोच कागद पहिल्यांदा बाहेर येतो.

सुरक्षा ऑडिट ही तिसरीच गोष्ट. धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांत ज्या कारखान्याला सुरक्षा अहवाल द्यावा लागतो, त्याने दरवर्षी ऑडिट करून घ्यायचं असतं आणि ते त्या कारखान्याशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून. तुमचा सेफ्टी ऑफिसर कितीही जाणकार असला तरी हे ऑडिट तो करू शकत नाही. ऑडिटची पद्धत भारतीय मानक १४४८९ मध्ये दिली आहे.

१०. भाषेची अट कोकणीची, मराठीची की हिंदीची?

शब्दांत एक बारीक फरक आहे. कारखान्यांच्या आदर्श नियमात ‘ज्या भागात कारखाना आहे तिथल्या बहुसंख्य कामगारांची भाषा’ असं आहे. बांधकामाच्या केंद्रीय नियमात ‘त्या साइटवरच्या बहुसंख्य कामगारांची भाषा’ आहे. म्हणजे पहिल्यात तुमच्या भागाकडे पाहायचं, दुसऱ्यात तुमच्या फाटकाच्या आत. मोपा किंवा वेर्ण्याच्या एखाद्या साइटवर ओडिशा, झारखंड, बिहारहून आलेली माणसं जास्त असतील तर फक्त कोकणी येणारा अधिकारी अटीत बसणार नाही.

कागदापलीकडे पाहिलं तर हीच अट सगळ्यात मोलाची आहे. टाकीत उतरण्याआधी वायू तपासायचा हे ज्याला समजलंच नाही, त्याच्या कामाच्या परमिटवर अंगठा घेऊन काहीही साधत नाही.

११. कंत्राटी कामगार आणि अ‍ॅप्रेंटिस मोजायचे का?

कंत्राटी मोजायचेच. कारखाने अधिनियमातली ‘कामगार’ची व्याख्या थेट घेतलेल्या आणि कंत्राटदारामार्फत आलेल्या दोघांनाही धरते, पगार कोण देतो याने फरक पडत नाही. ‘आमच्या रोलवर १८० च आहेत’ हे उत्तर म्हणूनच तपासणीत टिकत नाही. पॅकिंगची आणि हाउसकीपिंगची माणसं मिळवली की आकडा २५० च्या पुढे गेलेला असतो. शब्द ‘साधारणपणे कामावर असलेले’ असा आहे, त्यामुळे एका दिवसाची गर्दी धरत नाहीत. तसंच तपासणीच्या आठवड्यात माणसं कमी दाखवूनही सुटका नाही.

अ‍ॅप्रेंटिसची गोष्ट वेगळी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने ते कामगार नाहीत. पण त्याच कायद्याचं कलम १४ सांगतं की कारखान्यात शिकत असताना आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाची प्रकरणं त्यांना कामगारांप्रमाणेच लागू. त्यांना वगळून आकडा काठावर ठेवण्यापेक्षा धरून चाला.

१२. शिपयार्ड, बार्जचं यार्ड, बंदर, खाण, हॉटेल यांना कोणता नियम?

जहाज किंवा बार्ज बांधणं, दुरुस्त करणं, तोडणं ही कारखाने अधिनियमाच्या व्याख्येने उत्पादन प्रक्रियाच आहे. त्यामुळे मांडवी-जुवारीच्या काठावरचं बार्ज दुरुस्तीचं यार्ड कारखाना ठरतं आणि प्रश्न ४ ची पात्रता लागते. मुरगाव बंदरातली चढ-उतार गोदी कामगारांच्या नियमांत येते, ती केंद्राची बाजू.

खाणीला एडीआयएस पुरत नाही. तिथे खाण सुरक्षा महासंचालनालयाची क्षमता प्रमाणपत्रं लागतात. खाणीला लागून असलेला आणि खाणीच्याच मालकीचा धातुक प्रक्रियेचा प्लांट खाणीत धरला जातो. खाणीशी संबंध नसलेला, वेगळ्या मालकाचा क्रशर कारखाना ठरतो. नेमणुकीआधी हे ठरवा, कारण दोन्हींची माणसं एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

हॉटेल आणि खानावळ कारखान्याच्या व्याख्येतून वगळलेली आहे. संहितेच्या कलम २२ च्या यादीतही हॉटेल नाही.

१३. बांधकामासाठी पात्रता वेगळी असते का?

हो. १९९८ च्या केंद्रीय नियमांच्या आठव्या अनुसूचीत इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चरची पदवी आणि बांधकामावर २ वर्षांचा पर्यवेक्षण अनुभव, अथवा डिप्लोमा आणि ५ वर्षं, असं आहे. सुरक्षा डिप्लोम्यात बांधकाम सुरक्षेचा किमान एक पेपर असावा लागतो. एडीआयएसच्या गुणपत्रिकेत तो पेपर नसेल तर कारखान्यात चालणारा माणूस साइटवर चालत नाही. संख्या अशी : १००० कामगारांपर्यंत १, २००० पर्यंत २, ५००० पर्यंत ३, १०,००० पर्यंत ४. नेमणूक कधी सक्तीची होते याचा आकडा मात्र आता प्रश्न ३ मधला.

१४. एचआर मॅनेजरलाच सेफ्टी ऑफिसर करता येईल का? किंवा एकच माणूस आमच्या दोन युनिटांना?

नाही. आदर्श नियम स्पष्ट आहे : कर्तव्याशी संबंध नसलेलं, विसंगत किंवा मारक काम सेफ्टी ऑफिसरला द्यायचंही नाही आणि करू द्यायचंही नाही. उत्पादनाचं टार्गेट ज्याच्या डोक्यावर आहे त्यानेच मशीन बंद करायला सांगावं, ही अपेक्षा चुकीची आहे. शिफ्ट इन्चार्ज, सिक्युरिटी, कँटीन, गाड्यांचं नियोजन यातलं काहीही त्याच्या गळ्यात टाकू नका. त्याचा दर्जा विभागप्रमुखाचा असावा आणि त्याने थेट कारखान्याच्या प्रमुखाला उत्तर द्यावं. वेगळ्या परवान्याची दोन युनिटं असतील तर प्रत्येक युनिटची गणना आणि नेमणूक स्वतंत्र.

१५. अपघात झाला तर केस सेफ्टी ऑफिसरवर होते का?

ही भीती फार आहे, म्हणून सविस्तर. सेफ्टी ऑफिसरचं काम सल्ला, तपासणी, चौकशी आणि प्रशिक्षणाचं आहे. कायद्याची जबाबदारी ऑक्युपायर आणि मॅनेजरवर असते. कंपनी असेल तर ऑक्युपायर संचालकांपैकीच कोणीतरी असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात हे कायम केलं. पात्र अधिकारी नेमला म्हणून संचालक मोकळे होत नाहीत. मृत्यू किंवा ४८ तास वा जास्त काळ कामावर येता न येण्याइतकी इजा झाली की सूचना पाठवण्याचं कर्तव्य जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम ८८ ने मॅनेजरवर टाकलं होतं, सेफ्टी ऑफिसरवर नाही.

संहितेत सर्वसाधारण उल्लंघनाला २ ते ३ लाख रुपये दंड आहे. उल्लंघनामुळे मृत्यू झाला तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान ५ लाख दंड, किंवा दोन्ही. त्या दंडातली निदान निम्मी रक्कम वारसांना द्यायला न्यायालय सांगू शकतं.

तरी सेफ्टी ऑफिसरने सल्ला तोंडी देऊ नये. धोका, जागा, उपाय आणि मुदत लिहून तारखेसह मॅनेजरला पाठवा आणि पोच ठेवा. मुदत उलटली की पुन्हा लिहा. खोट्या तपासणीवर सही केलीत तर मात्र पद सल्लागाराचं होतं हे सांगून सुटता येणार नाही.

१६. आमचा सेफ्टी ऑफिसर अचानक सोडून गेला. काय करायचं?

त्याच दिवशी इन्स्पेक्टोरेटला लेखी कळवा, जाहिरात द्या आणि तिची प्रत जोडा. मधल्या काळात परमिट, मॉक ड्रिल, सुरक्षा समितीची बैठक कोण पाहणार हे नावानिशी आदेश काढून ठरवा. त्या माणसाला ‘सेफ्टी ऑफिसर’ म्हणू नका, आणि गेलेल्याचं नाव फलकावर आणि आणीबाणीच्या आराखड्यात तसंच ठेवू नका. गॅस गळतीच्या रात्री कोणीतरी तोच नंबर फिरवतो.

१७. नव्या नेमणुकीच्या फाइलीत काय काय हवं?

मूळ पदवी किंवा डिप्लोमा आणि सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, सुरक्षा डिप्लोमा आणि तो राज्याला मान्य असल्याचा कागद, प्रश्न ६ प्रमाणे अनुभवपत्रं, ऑक्युपायरच्या सहीचं नेमणूकपत्र, त्यात दर्जा, पगार आणि थेट कोणाच्या हाताखाली ते नमूद, कर्तव्यांची यादी आणि स्वीकृतीची सही. नावात फरक असेल, लग्नानंतर आडनाव बदललं असेल किंवा जुन्या कागदांवर पोर्तुगीज वळणाचं आणि नव्यांवर वेगळं स्पेलिंग असेल, तर प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. गोव्यात फाइल अडून राहण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.